माझ्या नावावर चढलेली गाडी

माझ्या मुलाने मला फसवलं. हे आधी लिहून टाकतो, कारण आमच्या घरात ही हकिकत कुणीही सांगायला लागलं की सुरुवात दुसरीकडूनच होते. म्हणे त्याला बाबांना खूश करायचं होतं. म्हणे बाबांचा स्वभाव तापट, म्हणून सांगायचं राहिलं. मी तापट आहे, मान्य. पण तापट माणसाला फसवलं की ती फसवणूक होत नाही, असं काही मी ऐकलेलं नाही.

मी स्प्रिंगा बनवणारा माणूस. वऱ्हाडातून पुण्यात आलो तेव्हा एका कारखान्यात हमालासारखी कामं करत होतो. तिथल्या स्प्रिंग खात्यात जेवणाच्या सुट्टीत उभं राहून बघत बघत शिकलो. पुढे वारज्यात पत्र्याची शेड टाकली, तेव्हा तिच्या मागे ज्वारी उभी असायची आणि पुढून दिवसातून मोजक्या बस जायच्या. हाताने फिरवायचा एक लेथ, एक छोटी भट्टी, टोकं घासायचा एक दगड. स्कूटरच्या स्टँडला लागणारी जाड स्प्रिंग ही माझी खासियत. पुण्यात ज्या काळी घराघरात स्कूटर होती, त्या काळी पायाने स्टँड मारल्यावर जो खट्ट आवाज यायचा, त्यातले कितीतरी आवाज माझ्या शेडमधून गेलेले होते.

भाव करण्यात मला हरवणारा माणूस मला क्वचितच भेटला. तार विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या दुकानात मी कधी चहा घेतला नाही. चहा घेतला की पुढचं बोलणं मऊ होतं. स्कूटर कंपनीचा खरेदी अधिकारी खुर्ची पुढे करायचा, तरी मी उभ्यानेच बोलायचो. कुणी काही फुकट द्यायला लागलं की मला पहिल्यांदा त्याचा संशय यायचा. मला आयुष्यात कुणी काही दिलेलं नाही. जे आहे ते मी घेतलेलं आहे, आणि घासाघीस करून घेतलेलं आहे.

मग बाजार खुला झाला. सुरुवातीला आम्हाला वाटलं, काम वाढेल. वाढलंही थोडे दिवस. मग नव्या मोटरसायकली आल्या, स्कूटरी दिसेनाशा व्हायला लागल्या. कंपनीला आता संगणकावर चालणाऱ्या यंत्रातल्या स्प्रिंगा हव्या होत्या आणि प्रत्येक खेपेसोबत तपासणीचे कागद. मी त्या अधिकाऱ्याला म्हणालो, "साहेब, इतकी वर्षं माझी एक स्प्रिंग परत आली का?" तो म्हणाला, "नाही आली. पण आता आमची मागणीच तशी आहे." माणूस चुकीचं बोलत असता तर मी भांडलो असतो. तो खरं बोलत होता.

त्याच वर्षांत वारज्याची ज्वारी जाऊन इमारती आल्या, आणि माझा मुलगा इंजिनिअर होऊन संगणकाच्या कंपनीत लागला. सकाळी त्याला न्यायला गाडी यायची, ती माझ्या शेडवरूनच जायची. मी दारात उभा असायचो. त्याच्या कानात वायरी असायच्या. हात करायचा, पण बोलायचा नाही. घरीही जेवताना आमचं बोलणं म्हणजे मीठ दे, पाणी दे. त्याचं काम मला कळत नव्हतं आणि माझ्याकडे काम उरलं नव्हतं.

अशात तो कंपनीच्या कामासाठी परदेशी जाऊन आला आणि येताना एक गाडी घेऊन आला. रिमोटवर चालणारी. हात-दीड हात लांब ट्रक, मोठे रबरी टायर, चारही चाकांना ताकद. त्याने ती दिवाणखान्यात सुरू केली तेव्हा मी हसलो.

"एवढे टायर आणि एवढी हळू? गोगलगाय बरी."

"बाबा, ही पळायला नाहीये. ही चढायला आहे. याला क्रॉलर म्हणतात. दगडांवरनं चढवायची."

"चढून काय करायचं?"

"काही नाही. चढायचं."

मला हे पटलं नाही. तरी एका रविवारी सकाळी त्याच्यामागे टेकडीवर गेलो. वारज्याच्या मागच्या टेकडीवर जिथे एके काळी दगड फोडायचे, तिथे अशाच गाड्या घेऊन पाच-सहा जण जमायचे. बहुतेक माझ्या मुलाच्या वयाचे, संगणकवाले. एक मात्र नारायण पेठेतले निवृत्त मास्तर होते, माझ्यापेक्षा मोठे, डोक्यावर पांढरी टोपी आणि हातात सगळ्यात महागडी गाडी. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागलो.

तिथे एक काळा दगड होता. कमरेएवढा, पुढून जवळजवळ उभा, मध्ये एक खाच. त्या दगडाचं नाव मास्तरांनी हेडमास्तर ठेवलं होतं, कारण तो कुणालाच पास करत नसे.

माझ्या मुलाची गाडी त्या खाचेशी जायची, पुढची चाकं लावायची, आणि टुणटुण उड्या मारून पाठीवर पडायची. मी नुसता उभा होतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला मला दिसलं. गाडीचा काही दोष नव्हता. तिच्या शॉकअपमध्ये दोष होता. प्लास्टिकची नळी, आत तेल नाही, नुसती एक रद्दड स्प्रिंग. दाबली की उसळायची. चाक दगडाला चिकटायला हवं तिथे ते टाळी दिल्यासारखं सुटत होतं.

मी मुलाला म्हणालो, "हिची स्प्रिंग खोटी आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. घरात इतक्या दिवसांत मी त्याला समजेल असं काहीतरी पहिल्यांदाच बोललो होतो बहुतेक. म्हणाला, "करेक्ट बाबा. सगळे तेच सांगतात. शॉक्स बदलायला पाहिजेत."

घरी येऊन त्याने फोनवर दाखवलं. ॲल्युमिनियमचे शॉकअप, आत तेल, आणि स्प्रिंग बाहेर न दिसता नळीच्या आतच. खऱ्या ट्रकसारखे दिसतात म्हणून लोक ते घेतात. तो सगळा संच मागवायला निघाला होता.

"नळ्या मागव," मी म्हणालो. "स्प्रिंगा मागवू नको."

"बाबा, त्या सोबतच येतात."

"येऊ दे मग. ठेव बाजूला. स्प्रिंगवाल्याच्या घरात स्प्रिंग बाहेरून येणार?"

बायको आतून म्हणाली, "अहो, खेळणं आहे ते."

"खेळण्याला स्प्रिंग लागते ना? लागते. मग झालं."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या दिवसांत माझ्या शेडला गिऱ्हाईक आलं होतं. स्वयंपाकघरातली तयार कपाटं विकणारा एक माणूस. शेड रस्त्यालगत, त्याला तिथे शोरूम करायचं होतं. बायको आणि मुलगा दोघांचंही म्हणणं, देऊन टाका. मी त्याला खेळवत होतो. तो यायचा, मी लेथ पुसत बसायचो.

"काका, काय ठरलं?"

"ठरायचंय."

"मागच्या वेळी पण हेच म्हणालात."

"मागच्या वेळीही ठरायचंच होतं."

तो हसायचा, पण कंटाळून जात नव्हता, म्हणजे त्याला जागा हवीच होती. मला हवं तिथे मी त्याला आणला होता. बाकी राहिलं होतं ते माझं स्वतःचं. यंत्रं बंद होती, पण दुसऱ्यांनी काम काढून घेतल्यामुळे बंद होती. माझ्या हातचं काम संपलंय का, हे अजून कुणी ठरवलं नव्हतं. ते कळल्याशिवाय मी सही करणार नव्हतो. आणि ते कळायला माझ्यापुढे दुसरं काही नव्हतं, ही दीड हाताची गाडी सोडून.

पहिल्या स्प्रिंगा मी केल्या त्या माझ्या सवयीने केल्या. आयुष्यभर मी ओझं पेलणारी स्प्रिंग केली. ती कडक असावी लागते. रविवारी गाडी हेडमास्तरपाशी गेली आणि आधीपेक्षा उंच उडाली.

मास्तर शांतपणे म्हणाले, "कारखानदार, गाडी चढवायची आहे की वरातीत नाचवायची आहे?"

सगळे हसले. मुलगाही हसला. मी म्हणालो, "तुमची तरी कुठे पास झालीय?"

"आमची नापास होते. पण शिस्तीत होते."

दुसऱ्या स्प्रिंगा बारीक तारेच्या केल्या. मऊ झाल्या, पण नळीच्या आत त्या वाकून भिंतीला घासत होत्या. चाक खाली गेलं की खालीच राहायचं. मी शेडमध्ये बसून ती नळी कानाशी धरून दाबायचो. घासल्याचा आवाज यायचा, बारीक, कुणी कागद चुरगळावा तसा. कडक करावी तर उडते, मऊ करावी तर घासते. ओझ्याची स्प्रिंग कशी करायची ते मला झोपेत विचारा. पण जवळजवळ नसल्यासारखी स्प्रिंग करायची, जी चाकाला दगडावर नुसती टेकवून ठेवेल, हे मी कधी केलं नव्हतं. कुणी मागितलंच नव्हतं.

त्यात माझा हात. उजव्या हाताला थरथर सुरू झाली होती. जाड तारेला ती कळत नाही. बारीक तारेला कळते.

शेडच्या माळ्यावर परदेशी तारेचं एक छोटं भेंडोळं पडलेलं होतं. एक कारखाना बंद पडला तेव्हा त्याच्या भंगाराच्या लिलावात मी ते ढिगातून घेतलं होतं. तेलकट कागदात गुंडाळलेलं, गंज नाही. केसापेक्षा जरा जाड, पण हातात घेतल्यावर जिवंत. तिसऱ्या स्प्रिंगा त्या तारेच्या. हात स्थिर राहावा म्हणून कोपर लेथला पट्ट्याने बांधून घेतलं आणि हळू गुंडाळलं. भट्टीतून काढल्या तेव्हा त्यांना जो गव्हाळ रंग आला होता, तो मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. टोकं दगडावर घासून सपाट केली. नळीत सोडल्या, कानाशी धरल्या. आवाज नाही. चार चाकांच्या चार स्प्रिंगा केल्या आणि भेंडोळं संपलं.

शनिवारी संध्याकाळी त्या मुलाच्या हातात दिल्या. आता आत तेल भरून झाकण लावायचं होतं. तेल भरताना हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नसतो. दांडा हळूहळू वर-खाली करत एकेक बुडबुडा वर आणावा लागतो.

तो म्हणाला, "द्या, मी भरतो. तुमचा हात हलतो."

खरं होतं ते. मी दिल्या. तो खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं. बाहेर आला तेव्हा चारही शॉकअप बंद होते, गाडीला बसवलेले. म्हणाला, "झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हेडमास्तरसमोर ठेवली. रिमोट मुलाने माझ्या हातात दिला. पुढची चाकं खाचेला लागली. उडाली नाही. उजवं चाक आत गेलं, डावं वरच राहिलं, आणि गाडीचं धड मधोमध सरळ. एखादा म्हातारा जिना चढताना आधी पाय टेकवतो, खात्री करतो, मग वजन टाकतो, तशी ती चढत होती. मधे एकदा थांबली. मग मागची चाकं चिकटली आणि ती वर जाऊन उभी राहिली.

पोरं ओरडली. कुणी माझ्या पाठीवर थाप मारली. "काका, मानलं!" "होममेड स्प्रिंग्स, यार!" कुणीतरी फोनवर चित्रण केलं. मास्तरांनी टोपी काढली, डोकं पुसलं, परत घातली आणि म्हणाले, "पास." एवढंच. मला तेव्हा वाटलं, पेठेतला माणूस आहे, याहून जास्त देणार नाही.

मुलगा गाडीकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, अभिमान.

सोमवारी कपाटवाला आला. मी त्याला खुर्ची दिली, आणि म्हणालो, "जागा द्यायची नाही."

"म्हणजे? भावाचं बोला ना काका. तुम्ही आकडा सांगा."

"भावाचा प्रश्न नाही. शेड चालू करतोय."

तो माझ्याकडे, मग बंद यंत्रांकडे, मग परत माझ्याकडे बघत राहिला. "कशासाठी?" असं त्याने विचारलं. मी त्याला हाकलून दिला. बायको त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. मुलाला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "बाबा, एकदा नीट विचार करा." मी म्हटलं, "हेडमास्तर चढली ना गाडी? अजून काय विचार करायचा?" तो काहीतरी बोलणार होता. बोलला नाही. ती वेळ होती. त्या वेळी एक वाक्य बोलला असता तर मी आज हे लिहीत नसतो.

टेकडीवरच्या पोरांनी माझ्याकडे स्प्रिंगा मागितल्या. मी शेड झाडली, भट्टी पेटवली, दारावर नवी पाटी लावली. तशी तार बाजारात मिळाली नाही. जी मिळाली तिच्या केल्या. पोरांनी घेतल्या, आभार मानले. पण रविवारी त्यांच्या गाड्या खाचेतून परत पडत होत्या.

"तेल नीट भरता येत नाही तुम्हाला," मी एकाला म्हणालो.

"हो काका, तसंच असेल. सेट व्हायला वेळ लागतो ना."

"सेट व्हायला ती काय दही आहे? तेल पातळ घातलंस तू."

"बरोबर काका. बदलतो."

बाजारात इतकी वर्षं काढलेल्या माणसाने तेव्हाच ओळखायला हवं होतं. ज्याला माल खरोखर वापरायचा असतो तो कुरकुर करतो, दोष काढतो, भाव पाडतो. जो नुसता गोड बोलतो, त्याने माल आधीच बाजूला टाकलेला असतो. पण गाडी चढलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. रिमोट माझ्याच हातात होता.

मग खंडेनवमी आली. आमच्या शेडची रीत अशी की, खंडेनवमीला प्रत्येक हत्यार आणि प्रत्येक यंत्र उघडून, डिझेलने धुऊन, पुसून, नवं तेल-ग्रीस देऊन मग पुजायचं. वरवर कुंकू लावलं म्हणजे पूजा झाली, असं आमच्यात चालत नाही. यंत्र उघडलं पाहिजे. मधली काही वर्षं मी नुसतीच फुलं वाहिली होती. त्या वर्षी शेड चालू होती, म्हणून सगळं रीतसर केलं. लेथ खोलला, दगड उतरवला, भट्टीची राख काढली. झेंडूच्या माळा तयार होत्या. आणि शेवटी मनात आलं, की या शेडला ज्या गाडीने परत उभं केलं, तीही हत्यारच आहे. घरून ती घेऊन आलो. चाकं काढली, शॉकअप उतरवले, पहिल्या नळीचं झाकण फिरवलं आणि तेल वाटीत ओतलं.

तेलाबरोबर जी स्प्रिंग बाहेर आली ती पांढरी होती. चकचकीत, चांदीसारखी. टोकं घासलेली नव्हती, यंत्राने नुसती दाबून बंद केलेली. मी ती पुसून उन्हात नेली. मला वाटलं, तेलाने रंग गेला असेल. रंग असा जात नाही हे मला माहीत होतं, तरी वाटलं. मग दुसरी नळी उघडली. तिसरी. चौथी. सगळ्या पांढऱ्या, नळ्यांसोबत बाहेरून आलेल्या.

मुलाला सुट्टी होती. फोन करून बोलावलं. तो नारळ घेऊन आला, त्याला वाटलं पूजेलाच बोलावलंय. दारातूनच त्याला पुठ्ठ्यावर मांडलेल्या त्या चार स्प्रिंगा दिसल्या. नारळ हातातच राहिला.

राग आला की माझी भाषा वऱ्हाडात परत जाते.

"काहून बदलवल्या तू माह्या स्प्रिंगा?"

"बाबा..."

"काहून?"

"तुम्ही शॉक्स उघडाल असं वाटलं नव्हतं."

"हे उत्तर झालं?"

तो खाली बसला, पोत्यावर. म्हणाला, "एक रविवार तरी गाडी चढावी असं वाटलं. तुमच्या हातून. मग तुम्ही समाधानाने शेड देऊन टाकाल. मला वाटलं, शेवट चांगला होईल."

"कोणाचा शेवट?"

त्याने नारळ खाली ठेवला.

"अरे, मला तर तू उलटं करायला लावलंस. मी गिऱ्हाईक हाकलून दिलं. तेव्हा का नाही बोललास?"

"तुम्ही इतके खूश होतात. कसं सांगणार होतो?"

"तोंडाने."

मी आयुष्यभर सौदे केले, पण समोरच्याला सांगून केले. याने माझ्याशी सौदा केला आणि मला समोर बसवलंच नाही. माझं समाधान किती, ते किती दिवस पुरेल, त्याच्या बदल्यात मी काय सोडेन, सगळं त्याने त्याच्या खोलीत दार लोटून ठरवलं. आणि चुकीचं ठरवलं. वाईट सौदा करणाऱ्याची मला पहिल्यापासून चीड आहे.

मग मी मुद्द्याचं विचारलं. "माझ्या कुठे आहेत?"

"काय?"

"माझ्या चार स्प्रिंगा. ज्या तू काढल्यास."

त्याने आठवायचा प्रयत्न केला. खरंच आठवत होता, ते मला दिसत होतं, आणि तेच सहन होत नव्हतं. म्हणाला, "एका डबीत ठेवल्या होत्या. डबी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होती बहुतेक. पण मधे आमचा मजला बदलला. सगळं सामान..."

त्या दिवशी पूजा झाली नाही. बायको नैवेद्य घेऊन आली आणि उघडी यंत्रं बघून परत गेली. तिला आधीपासून माहीत होतं की नाही, हे मी विचारलेलं नाही. विचारलं तर ती खरं सांगेल.

मास्तरांकडे मात्र गेलो. नारायण पेठेत जिना चढून त्यांच्या दारात उभा राहिलो. ते वर्तमानपत्र वाचत होते.

"या कारखानदार. आज वाट वाकडी?"

"तुम्हाला माहीत होतं?"

कशाबद्दल, हे त्यांनी विचारलं नाही. चष्मा काढला. "अहो, त्याच स्प्रिंगा आमच्या गाडीत आहेत. गाडी कशी बसते, कशी उठते, यावरून कळतं. पहिल्याच दिवशी कळलं."

"तुमच्या गाडीत आहेत तर तुमची का चढत नाही?"

"आमची गाडी जड आहे. आणि आम्ही जरा घाई करतो."

"मग मला बोलला का नाहीत?"

"आपण विचारलंत कुठे?"

मी जिना उतरायला लागलो तेव्हा ते मागून म्हणाले, "चिरंजीवांवर फार रागावू नका. आमच्या मुलाने आमच्यासाठी एवढंही केलं नसतं." मला वाटतं, त्यांनी ते चांगल्या मनाने म्हटलं. मला त्याचा काही उपयोग नव्हता.

आता थोडक्यात सांगतो. कपाटवाल्याने पुढच्या चौकात दुसरी जागा घेतली. मी त्याच्याकडे गेलो नाही. उभं राहून बोलायची सवय असलेल्या माणसाला परत जाऊन मागता येत नाही. नंतर जे आले ते नुसते बघून गेले. टेकडीवर मी जाणं सोडलं. भट्टी पुन्हा पेटवलेली नाही. पाटी आहे तशीच आहे. ती काढायला शिडीवर चढावं लागेल आणि माझे हात आता शिडी धरण्यासारखे राहिलेले नाहीत. मुलगा परदेशी गेला, तिथेच घर घेतलं. गाडी त्याने माझ्यासाठी ठेवली. ती कपाटावर आहे, त्याच्याच स्प्रिंगांसकट.

लोक म्हणतात, स्प्रिंगांवरून एवढं काय. मलाही कळतं, मुलगा वाईट नाही. त्याने दगाबाजी केली ती प्रेमाने केली. पण दुसऱ्याच्या प्रेमापायी माणसाचा निकाल गायब होत असेल तर त्या प्रेमाचं मी काय करू? मी नापास झालो असतो तर शेड दिली असती आणि शांत बसलो असतो. पास झालो असतो तर तेही कळलं असतं. मला यातलं काहीच मिळालं नाही. त्या चार स्प्रिंगा दगडाला कधी लागल्याच नाहीत. ती तार परत मिळाली नाही, तो हात परत येणार नाही. त्या चढल्या असत्या की नसत्या, हे आता कुणीही सांगू शकत नाही.

सांगू शकणारा एकच माणूस आहे. त्या शनिवारी संध्याकाळी खोलीत तो होता, गाडी होती आणि माझ्या स्प्रिंगा होत्या. फोनवर मी हे त्याला अनेकदा विचारलं. तो म्हणतो, "जाऊ द्या ना बाबा, किती वर्षं झाली." किंवा म्हणतो, "आवाज कट होतोय." म्हणून आता लिहून विचारतो. लिहिलेल्याचा आवाज कट होत नाही.

माझ्या स्प्रिंगा काढण्याआधी तू त्या एकदा तरी गाडीत घालून पाहिल्या होत्यास, की हातात घेऊनच ठरवलंस? हो की नाही, एवढंच सांग. कारण नको, माफी नको. उत्तर दे.